तीन चुकीची, एक बरोबर

सत्तावीस वर्षं मी चाकणच्या एका कारखान्यात चुकीची वाक्यं तयार करण्याचा पगार घेतला. कारखाना गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवायचा आणि त्यातला एखादा भाग चुकला की केवढा गहजब व्हायचा. मी मात्र दर वर्षी साठ चुकीची वाक्यं बनवून, साहेबांच्या सहीनिशी छापून घ्यायचो आणि कुणी चकार शब्द काढत नसे. गेल्या वर्षी निवृत्त झालो. आता मोशीच्या घरी सकाळी वर्तमानपत्रात एखादं वाक्य चुकलेलं दिसलं तर मी सरळ पान उलटतो. ते दुरुस्त करणं आता दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे, या विचारानं फार हलकं वाटतं.

आमच्याकडे कामगाराला लाइन लीडर, म्हणजे एका लाइनवरच्या माणसांचा प्रमुख, व्हायचं असेल तर कंपनीची परीक्षा द्यावी लागे. मोजमाप, सुरक्षितता आणि इंग्रजी असे तीन पेपर. इंग्रजी माझ्याकडे. मी मूळचा टाइम ऑफिसमधला, कामगारांच्या हजेऱ्या मांडणारा कारकून. पण बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं आणि एकदा मोठ्या साहेबांच्या पत्रातली चूक चार लोकांसमोर दाखवण्याचा शहाणपणा केला होता. त्याची शिक्षा म्हणून मला ट्रेनिंग खात्यात टाकलं आणि मी तिथंच रुळलो. "लाइन लीडरला इंग्रजी कशाला पाहिजे सर?" हा प्रश्न दर बॅचला यायचा. उत्तर साधं होतं. माल परदेशी जायचा. तिकडून तक्रार आली की काय घडलं त्याचा अहवाल त्या लाइनच्या लीडरनं इंग्रजीत लिहायचा. आधी काय झालं, मग काय झालं, कशामुळे झालं. यात काळ चुकला की क्रम चुकतो, आणि क्रम चुकला की दोष भलत्याच खात्याच्या गळ्यात पडतो.

म्हणून माझा पेपर वाक्यदुरुस्तीचा. एका प्रश्नात चार वाक्यं, त्यातलं एक बरोबर, तीन चुकीची. बाहेरच्या माणसाला वाटतं की बरोबर वाक्य लिहिणं अवघड. तसं काही नाही. खरं कौशल्य चुकीचं वाक्य लिहिण्यात आहे. ते बरोबर वाटलं पाहिजे. फार बावळट चूक ठेवली तर माणूस न वाचताच ओळखतो, आणि फार बारीक ठेवली तर ती चूक आहे हे नंतर मलाच आठवत नसे.

चुका मुख्यतः दोन जातींच्या. एक काळाची आणि दुसरी जोडणीची. जोडणीची म्हणजे एखाद्या शब्दाबद्दल जास्तीची माहिती देणारे शब्द भलत्यालाच चिकटणं. मराठीतही हे होतं. 'फक्त सावंतांनी मशीन पुसलं' म्हटलं तर बाकीच्यांनी कामचुकारपणा केला. 'सावंतांनी फक्त मशीन पुसलं' म्हटलं तर कामचुकार सावंत. शब्द तेच, 'फक्त' एक घर सरकला की शिव्या खाणारा माणूस बदलतो. वर्गात हे उदाहरण दिलं की शिफ्टमधली जुनी भांडणं उकरून निघायची आणि विषय मात्र पक्का बसायचा.

एका लीडरनं तर खऱ्या अहवालात लिहिलं होतं, 'आफ्टर फॉलिंग ऑन द फ्लोअर, द ऑपरेटर पिक्ड अप द पार्ट.' त्याला म्हणायचं होतं की पार्ट जमिनीवर पडला आणि ऑपरेटरनं तो उचलून पुन्हा लाइनवर ठेवला. वाक्याप्रमाणे मात्र ऑपरेटरच पडला होता. ग्राहकाचं उत्तर आलं त्यात मालाबद्दल एक ओळ होती आणि चार ओळी जखमी माणसाबद्दल. त्याची प्रकृती कशी आहे, जमीन निसरडी होती का, अपघाताची नोंद कुठे आहे. आमचं सुरक्षा खातं धावत आलं. तो ऑपरेटर बीडकडचा, चांगला धट्टाकट्टा गडी. त्याला डॉक्टरकडे नेऊन तपासून आणलं तेव्हा कुठे फाइल बंद झाली. पुढे वर्षभर कॅन्टीनमध्ये लोक त्याला विचारायचे, "काय भावा, उठलास का?" मी दिसलो की तो कळवळून म्हणायचा, "सर, म्या पडलोच न्हवतो." मी म्हणायचो, मला माहीत आहे रे, पण लेखी पुरावा तुझ्या विरोधात आहे.

काळ शिकवणं त्याहून अवघड. व्याकरणाचे शब्द काढले की आठ तास मशीनवर उभा राहिलेला माणूस दोन मिनिटांत पेंगतो. मग मी त्यांच्या कामात शिरलो. एका भागावर जी कामं क्रमानं होतात त्यांना ऑपरेशन दहा, वीस, तीस असे आकडे असतात. भोक पाडणं दहा, त्यात आटे पाडणं वीस. म्हटलं, दोन गोष्टी होऊन गेल्या असतील तर जी आधी झाली तिच्यावर 'हॅड'चा शिक्का. 'हॅड' म्हणजे ऑपरेशन दहा. वर्ग एकदम जागा झाला. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी दहावीला तीनदा बसलो नसतो." त्या दिवशी मी घरी जाताना शिट्टी वाजवत गेलो.

त्याच जोशात मी पुढची युक्ती काढली. वाक्य म्हणजे पिस्टन समजा, म्हणालो. उजेडात धरा, फिरवून बघा, आणि दोष जिथं असेल तिथंच गोल करा. आमच्या अंतिम तपासणीच्या टेबलावर असंच चालायचं. ब्रेकच्या पिस्टनवर ओरखडा दिसला की तपासनीस त्या ओरखड्याभोवती मार्करनं गोल करून तो नग लाल खोक्यात टाकायचा. चांगल्या नगाला मात्र मार्कर लावायचाच नाही, कारण त्यावर शाईचा ठिपका पडला तरी तो नग बाद धरला जायचा. या युक्तीचा मला फार अभिमान होता आणि पुढे तीच माझ्या अंगाशी आली.

त्याआधी एक खंत सांगून टाकतो. आमच्याकडे एक फिटर होता. बंद मशीनला हात लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. परीक्षा देण्याची संधी तीनदाच मिळे. तो तिन्ही वेळा माझ्या पेपरात अडकला आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाला. निरोपसमारंभात त्यानं माझ्याच पाया पडायला वाकावं याची मला आजही लाज वाटते. अहवालाला इंग्रजी लागतं हे खरं, पण त्याचा अहवाल दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता आला असता, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

आता मंदाताई. चाकणजवळच्या एका गावच्या शेतकरी घरातल्या. पंधरा वर्षं अंतिम तपासणीच्या टेबलावर उभ्या होत्या. उभ्या म्हणजे खरोखर उभ्या, कारण त्या टेबलाशी बसायला सक्त मनाई होती. बसलं की डोळा मिटतो, असं कुणा साहेबानं कधीतरी ठरवलं होतं आणि तो नियम झाला होता. मंदाताईंच्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या होत्या. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की उभ्याचं काम वर्षाच्या आत सोडा. सोडून जायचं कुठं? ऑपरेटरला बसून करायचं काम कंपनीत नव्हतं. लाइन लीडरला मात्र टेबल-खुर्ची होती. लीडर झाल्या तर नोकरी राहणार, नाहीतर राजीनामा, असा सरळ मामला होता. घरी दोन मुली कॉलेजात शिकत होत्या.

दोनदा त्या परीक्षेला बसल्या होत्या आणि दोन्ही वेळा इंग्रजीतच थोडक्यात राहिल्या होत्या. त्या काळी बरोबर वाक्य निवडून खाली पुन्हा लिहून काढावं लागे. त्यांचा हात सावकाश चाले आणि वेळ संपे. ही तिसरी, म्हणजे शेवटची खेप. चार महिने त्या पहिली शिफ्ट सुटली की माझ्या वर्गाला थांबत. बाकीचे सगळे मशीन आणि मेंटेनन्सकडचे, तपासणीच्या टेबलावरून आलेल्या त्या एकट्याच. बाकावर बसल्या की आधी चपला काढून पाय जमिनीला टेकवत आणि मग वही उघडत.

त्याच वर्षी मी पेपर बदलला. लिहिणं बंद, प्रत्येक वाक्याशेजारी एक चौकोन, बरोबर वाक्याच्या चौकोनात टिक करायची. मंदाताईंसारख्यांचा वेळ वाचावा हा हेतू होताच, पण खरं सांगायचं तर माझाही तपासण्याचा वेळ वाचणार होता. टूलरूमकडून मी पातळ पत्र्याचं एक झाकण करून घेतलं. पेपरावर ठेवलं की सगळं झाकलं जाई आणि बरोबर उत्तरांचे तेवढे वीस चौकोन वीस भोकांतून दिसत. एका हातानं पेपर आत सरकवायचा, टिका मोजायच्या, दुसऱ्या हातानं आकडा टाकायचा. बेचाळीस पेपर मी एका सकाळी उडवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते झाकण दाखवत बसलो.

मंदाताईंच्या पेपरात वीसच्या वीस भोकं कोरी होती. पेपर सरकवताना काहीतरी निळं निळं दिसलं होतं खरं, पण पुष्कळजण वाचताना शब्दांखाली रेघा मारतात, तसंच असेल असं वाटलं. बाई घाबरल्या आणि कोरा पेपर देऊन गेल्या, असं मी ठरवून टाकलं. खरं म्हणजे मला थोडा रागच आला. चार महिने शिकवलं त्याचं हे फळ? डोळे मिटून टिका मारल्या तरी विसात चार-पाच येतात, शून्य मिळवायला विशेष काहीतरी घडावं लागतं, एवढा साधा विचार मला शिवला नाही. मी शून्य लिहिलं. सोमवारी यादी गुणांसकट बोर्डावर लागली.

शुक्रवारी दुपारी मंदाताई माझ्या टेबलाशी आल्या. हातात सरावाच्या प्रश्नांची माझी वही होती, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली.

"सर, ही तुमची वही. दुसऱ्या कुणाच्या कामाला यील."

"राहू द्या की तुमच्याकडे."

"न्हाई, आता काय करायची. राजीनाम्याचं ईचारायला एचआरमदी चाललेच हुते."

मी पेनचं टोपण लावत काढत बसलो. मग राहवेना म्हणून विचारलं, "मंदाताई, एकही प्रश्न सुटला नाही तुम्हाला? अंदाजानं तरी खूण करायची."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोललो होतो. "अंदाजानं कशाला सर? समदे फॉल्ट पकडले हुते की. येकबी सोडला न्हाई. लोकं भोपळा म्हणून हसत्यात, म्हणून मीबी म्हनलं, आपल्यालाच कळलं नसंल काहीतरी."

मी कपाट उघडलं. गठ्ठ्यातून त्यांचा पेपर काढला आणि पहिल्यांदाच झाकणाशिवाय पाहिला. प्रत्येक प्रश्नात तीन वाक्यांवर निळ्या पेनानं एकेक बारीक गोल होता. नेमका चुकलेल्या शब्दाभोवती, शेजारच्या अक्षराला न शिवता. चौथ्या वाक्याला पेन लागलाच नव्हता. मी मोजत गेलो. वीस प्रश्न, साठ चुका, साठ गोल. एकही इकडचा तिकडे नाही.

"टिक का नाही केली हो?" मी विचारलं.

"चांगल्यावर कशाला खूण करायची सर? तुमीच म्हनला हुता वर्गात, वाक्य म्हंजी पिस्टन."

सूचना पेपराच्या डोक्यावर इंग्रजीत छापलेली होती आणि परीक्षेच्या आधी वाचूनही दाखवली होती. पण पंधरा वर्षं ज्या हातानं चांगल्या नगाला शाई लावली नाही, त्या हातानं ती सूचना ऐकलीच नाही. आणि त्या हाताला माझ्या वर्गात मीच चार महिने आणखी पक्कं केलं होतं. बाकी एकेचाळीस जणांना पिस्टन हे उदाहरण होतं. मंदाताईंना तो पिस्टन होता.

मी त्यांना तिथंच बसायला सांगितलं आणि पेपर घेऊन एचआरच्या मॅडमकडे जवळजवळ पळत गेलो. निवड झालेल्यांची यादी त्याच संध्याकाळी हिंजवडीच्या मुख्य ऑफिसला जायची होती. तिथं एकदा गेली की ती बदलणं आमच्या हातात राहत नसे.

मॅडमनी शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "सर, तुमचं दुःख समजतंय. पण लेखी सूचना न पाळणारी व्यक्ती मी लाइनची लीडर कशी करू? उद्या लाइनवरही हेच झालं तर?"

प्रश्न रास्त होता. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "सूचना मीच दोन दिल्या मॅडम. वर्गात एक, पेपरात दुसरी. त्यांनी पहिली पाळली. आणि मी पेपर तपासलाच नाही, फक्त भोकं तपासली. चूक माझी आहे, लेखी देतो." इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. बोलून झाल्यावर उलट बरंच वाटलं.

मॅडमनी मंदाताईंना बोलावलं आणि पेपरावर बोट ठेवलं. "इथं का गोल केलाय?"

"ह्ये शब्द माणसाला जोडायचे हुते, चाकाला जोडल्यात. जोडणी चुकली."

"आणि इथं?"

"हॅड आधीच्या ऑपरेशनला पायजे. ह्यांनी मागनं झालेल्या कामाला लावलाय. उलटं फिट केलंय."

मॅडमनी असे सहा-सात गोल विचारले. एकाही उत्तराला मंदाताई अडखळल्या नाहीत. शेवटी मॅडम मला म्हणाल्या, "नवीन दहा प्रश्न काढा. आत्ता. माझ्यासमोर टिक करून दाखवू द्या. तोवर मी यादी थांबवते."

मी धावत जाऊन पंधरा-वीस मिनिटांत दहा प्रश्न टाइप केले. मंदाताई मॅडमच्या टेबलाशी कागद घेऊन बसल्या. पहिला प्रश्न वाचला, पेन बरोबर वाक्याच्या चौकोनापाशी नेला आणि थांबल्या. पेन तिथंच हवेत.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"हात धजंना."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो, कारण माझ्या पाहण्यानं त्यांच्यावर दडपण येईल असं वाटलं. खाली बस लागत होत्या. मग मागे पेनचा बारीक आवाज आला. एक टिक. थोड्या वेळानं दुसरी. नऊपर्यंत आवाज आले आणि दहावा काही येईना. मी वळून पाहिलं तर मंदाताई दहाव्या प्रश्नावर वाकलेल्या होत्या, कपाळाला आठ्या घालून.

"सर," त्या अवघडून म्हणाल्या, "ह्यात चारी बाद हायेत."

"शक्य नाही," मी म्हणालो. कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला. घाईत मी बरोबर वाक्यसुद्धा चुकवून ठेवलं होतं. चारही वाक्यं सदोष. आयुष्यभर तीन चुकीची आणि एक बरोबर अशी पेरणी करणारा मी, त्या दिवशी चारही चुकीची लिहून बसलो होतो. मॅडमनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. बाकी नऊच्या नऊ बरोबर होते.

"मंदाताई, तुम्ही घरी जा," मॅडम म्हणाल्या. "मला वरच्यांशी बोलावं लागेल. नक्की काही सांगत नाही." मंदाताई नमस्कार करून बससाठी गेल्या. राजीनाम्याचं त्यांनी काही विचारलं नाही आणि आम्हीही काढलं नाही. फोनवर मॅडम बराच वेळ बोलत होत्या. मी दाराबाहेर उभा होतो. मधूनच 'शंभर टक्के रिजेक्शन पकडलंय सर बाईंनी' असं वाक्य कानावर आलं आणि मला जरा धीर आला. सहाच्या सुमारास दार उघडलं. मॅडमनी नुसती मान हलवली. यादीत नाव गेलं होतं. मी परत जाऊन बेचाळीसच्या बेचाळीस पेपर झाकणाशिवाय पुन्हा तपासले, तेव्हाच घरी गेलो. आणखी काही चुकलेलं नव्हतं. ते पत्र्याचं झाकण मी टूलरूमच्या भंगारात टाकून दिलं. मंदाताईंनी चार दिवस स्वतःला बिनडोक समजत काढले, ते मात्र मला कुठे टाकता आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिली शिफ्ट सुरू झाली तसा मी अंतिम तपासणीच्या टेबलाशी गेलो. मंदाताई दिव्याखाली पिस्टन फिरवत उभ्या होत्या. समोरच्या ट्रेमध्ये आठ-दहा नग उरले होते.

"मंदाताई," मी म्हणालो, "झालं तुमचं काम. आजच पत्र मिळेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि हातातला नग बघून पुरा केला. मग पुढचा घेतला. मग त्याच्या पुढचा. मला वाटलं, आवाजात ऐकू गेलं नसावं. पण त्या ट्रे संपवत होत्या. शेवटचा नग ठेवला, हातमोजे काढले, पलीकडचा रिकामा क्रेट उचलून टेबलाशेजारी पालथा घातला आणि त्यावर बसल्या.

"पाच मिन्टं बसते सर," त्या म्हणाल्या.

शिफ्टचा इंजिनिअर फेरी मारत आला. बसलेल्या मंदाताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी बोलणार होतो, पण तो तसाच पुढे निघून गेला. मीही दुसरा क्रेट ओढून त्यांच्याजवळ टेकलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. त्यांनी दोन्ही पाय समोर लांब केले आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सावकाश चोळत राहिल्या.